आधी क्राउन-पिनियन, मग कॅम

भोपाळात बुलेटवाल्यांची एक जुनी हौस आहे. इंदूरच्या रस्त्यावर गाडी 'मोकळी' पळावी म्हणून गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट बदलून घ्यायचं. 16 दात्यांचं काढून 17 चं, हौस जास्त असेल तर थेट 18 चं. सीहोर, आष्टा, सोनकच्छ, देवास, रस्ता बहुतेक सपाट. इंजिनाचा आवाज खाली येतो, सीटची थरथर कमी होते, ॲव्हरेजही जरा सुधारतो. मालक खूश. मग एका संध्याकाळी तीच गाडी डबलसीट घेऊन पॉलिटेक्निक चौकातून श्यामला हिल्सचा चढ चढायला लागते आणि आजवर तिसऱ्यावर सहज जायची तिथे दुसरा गिअर मागते. इंजिन तेच, पेट्रोल तेच, वजनही तेच. मग गाडीतला दम गेला कुठे?

दुसरं कोडं सातासमुद्रापारचं आहे. 1960 च्या दशकातली अमेरिकन 'मसल कार', म्हणजे बेताच्या आकाराच्या गाडीत बसवलेलं भलंमोठं व्ही-8 इंजिन. तिचा मालक हौसेनं इंजिनात 'गरम' कॅमशाफ्ट टाकतो. इंजिनाची कमाल अश्वशक्ती खरोखरच वाढते, आणि तरी सिग्नलवरून निघताना गाडी पूर्वीपेक्षा मठ्ठ वाटते. पैसे जाऊन गाडी सुस्त होते.

ही दोन्ही कोडी एकाच ठिकाणी सुटतात. कॅम आणि गिअर ही दोन वेगळी खरेदी समजली की गडबड होते. खरं तर तो एकच निर्णय असतो, आणि माझ्या मते त्याची सुरुवात गाडीच्या मागच्या टोकाकडून, चाकांकडून करावी.

दोन 'साडेतीनशे'

जुनी रॉयल एनफिल्ड बुलेट 350 आणि शेव्हरोलेचं 'स्मॉल-ब्लॉक 350' या दोघांनाही साडेतीनशेच म्हणतात, पण बुलेटचे 350 हे घनसेंटिमीटर आणि शेव्हरोलेचे घनइंच. एक इंजिन 346 सीसीचं, दुसरं 5.7 लिटरचं. गंमत अशी की बुलेटचा पिस्टन वर-खाली 90 मिलिमीटर धावतो आणि त्या राक्षसी व्ही-8 चा प्रत्येक पिस्टन 88.4 मिलिमीटर. रचनाही सारख्याच जातकुळीची आहे. कॅम खाली, व्हॉल्व्ह वर, मध्ये पुशरॉड आणि रॉकर. बुलेटमध्ये दोन छोटे कॅम असतात, एक आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी आणि एक बाहेर सोडणाऱ्यासाठी, आणि ते दात्यांच्या चाकांनी फिरतात. शेव्हरोलेत आठ सिलिंडरांचे सोळा उंचवटे एकाच लांब दांड्यावर असतात आणि तो दांडा चेनवर फिरतो. त्यामुळे बुलेट उघडलेली पाहिली असेल त्याला स्मॉल-ब्लॉक परका वाटू नये.

हे इंजिन आपल्या देशात रुळलं असतं, पण थोडक्यात हुकलं. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना काढला होता. शेव्हरोले गाड्या तिथे जोडल्या जायच्या. नव्या औद्योगिक धोरणात नुसत्या जोडणीला जागा उरली नाही आणि 1954 मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. स्मॉल-ब्लॉक व्ही-8 आलं ते 1955 च्या मॉडेलांमध्ये. तेव्हा ते 265 घनइंचांचं होतं, पुढे 283, 327 होत होत 1967 च्या कमॅरोत 350 झालं. त्यामुळे आपल्या जुन्या शेव्हरोलेंच्या बॉनेटखाली बहुतेक सहा सिलिंडरांचं सरळ इंजिनच सापडतं.

कॅम नेमकं करतो काय

कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृती उंचवटे असलेला दांडा. उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबून उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडून बंद होतो. दार कधी उघडायचं, किती उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, एवढंच कॅम ठरवतो. पण इंजिनाचा सगळा स्वभाव त्यावर बेततो.

शाळेच्या पुस्तकात चार फेरे सुटसुटीत असतात. पिस्टन खाली जाताना आतला व्हॉल्व्ह उघडा, वर येताना बंद. क्रँकच्या हिशेबात एक फेरा 180 अंशांचा. प्रत्यक्षात आतला व्हॉल्व्ह 260-270 अंश किंवा त्याहूनही जास्त काळ उघडा असतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधीच तो उघडतो आणि पिस्टन खालून परत वर निघाल्यानंतर बंद होतो. हे असं का?

कारण हवेला वजन असतं. नळीतून वेगानं येणारा हवा-पेट्रोलचा लोंढा पिस्टन थांबला म्हणून थांबत नाही. इंजिन जोरात फिरत असेल तर पिस्टन उलटा फिरल्यावरही तो काही क्षण आत घुसतच राहतो. दार उशिरा लावलं तर तेवढा माल जास्त भरतो, आणि जास्त माल म्हणजे जास्त ताकद. पण इंजिन हळू फिरत असेल तर लोंढ्यात तो जोर नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेला माल उघड्या दारातून परत नळीत ढकलतो.

रस्त्यावरच्या हौशी 350 इंजिनांत सर्रास बसणारा एक कॅम पिस्टन खालून निघाल्यावर सुमारे 60 अंशांनी आतला व्हॉल्व्ह बंद करतो. तेवढ्यात पिस्टनचा वर यायचा प्रवास जवळजवळ पाचवा हिस्सा उरकलेला असतो. म्हणजे कागदावर 9 पट दाब असलेलं इंजिन मंद गतीला प्रत्यक्षात साडेसात पटच दाबतं. मोठ्या कॅमसोबत पिस्टन बदलून दाबही वाढवावा लागतो तो यामुळे. नुसता कॅम बदलला तर खालच्या आरपीएमला इंजिन पोकळ वाटणारच.

उठणारी आणि बसणारी पंगत

आता दुसरं टोक. पिस्टन वरच्या टोकाशी असतो तेव्हा काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. जळालेला वायू बाहेर पडतोय आणि ताजा माल आत यायला लागलाय. याला ओव्हरलॅप म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये एक पंगत उठत असताना दुसरी बसायला सुरुवात होते, तसं. वाढपी तरबेज असतील आणि लोक भराभरा हात धुवायला निघत असतील, तर उठणाऱ्यांच्या मागोमाग नवे बसतात, एक पानही रिकामं राहत नाही. पण उठणारे गप्पा मारत रेंगाळले तर खरकट्या पानांमध्ये नवे लोक अडकतात, काही जण कंटाळून दाराबाहेर परत जातात, आणि हॉल भरलेला दिसूनही जेवणारे थोडेच असतात. इंजिनात वेगानं बाहेर जाणारा धूर आपल्यामागे पोकळी सोडतो आणि ती ताज्या मालाला आत ओढते. हे वरच्या आरपीएमलाच घडतं. खालच्या आरपीएमला धूर रेंगाळतो, इतकंच काय, उलटा आतल्या नळीतही शिरतो.

अंश तेच, वेळ मात्र वेगळा

कॅमचा सगळा हिशेब अंशांत असतो, पण हवेला अंश कळत नाहीत, तिला वेळ लागतो. समजा ओव्हरलॅप 60 अंशांचा आहे. इंजिन 800 आरपीएमला नुसतं चालू उभं असताना एका फेरीला 75 मिलिसेकंद लागतात, म्हणून 60 अंश म्हणजे सेकंदाचा ऐंशीवा भाग. तेच 6000 आरपीएमला सेकंदाचा सहाशेवा भाग. एकच कॅम, एकच उंचवटा, पण दोन्ही दारं एकत्र उघडी राहण्याचा काळ साडेसात पटींनी वेगळा. ऐंशीव्या भागात भरपूर गोंधळ घालता येतो. सहाशेव्या भागात रेंगाळायला सवडच नसते.

त्यामुळे कुठलाच कॅम सगळीकडे चांगला नसतो. तो आरपीएमच्या कुठल्या तरी एका पट्ट्यासाठी घासलेला असतो, आणि पट्टा वर सरकवला की खालचं टोक सुटतं. आजच्या नव्या गाड्यांत चालता चालता कॅमचा कोन बदलायची सोय असते, म्हणून त्यांना दोन्हीकडचं साधतं. 1960 च्या दशकातल्या इंजिनाला एकच काय ते निवडायला लागतं.

> चौकट: कॅमच्या डब्यातलं कार्ड कसं वाचावं
>
> *लिफ्ट* म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. कॅमच्या उंचवट्याला रॉकरच्या पटीनं गुणून हा आकडा येतो. स्मॉल-ब्लॉकमध्ये ही पट 1.5 असते.
>
> *ड्यूरेशन* म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो. प्रत्येक कंपनी हे आपापल्या सोयीनं मोजते, म्हणून तुलनेसाठी टॅपेट 0.050 इंच (1.27 मिलिमीटर) उचलल्यापासूनचा आकडाच पाहावा. जाहिरातीतला आकडा याहून बराच मोठा असतो.
>
> *लोब सेपरेशन* म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्यांच्या शिखरांमधला कोन. तो जितका कमी तितका ओव्हरलॅप जास्त.
>
> *ओव्हरलॅप* कार्डावर नसला तरी काढता येतो. दोन्ही ड्यूरेशनची सरासरी घ्यायची आणि त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करायची. उत्तर उणे आलं तर इंजिन सोशीक असणार हे धरून चालावं.

याच पद्धतीनं तीन खरे कॅम तपासून पाहू. सगळे आकडे 0.050 इंचावरचे. शेव्हरोलेनं वर्षानुवर्षं साध्या 350 मध्ये घातलेल्या कॅमचं ड्यूरेशन 195 आणि 202 अंश, लोब सेपरेशन 112. ओव्हरलॅप उणे 25 च्या आसपास. हा कॅम आजोबांनाही चालवता येतो. हौशी लोकांच्या आवडीचा एक बाजारातला कॅम 224 आणि 230, सेपरेशन 110. ओव्हरलॅप अधिक 7. आणि शेव्हरोलेचा '30-30' नावाचा शर्यतीचा कॅम दोन्हीकडे साधारण 254, सेपरेशन 114. ओव्हरलॅप अधिक 26. उणे 25 पासून अधिक 26 पर्यंत, तेही एकाच जातीच्या इंजिनात!

ती धडधड

मोठ्या कॅमचं इंजिन सिग्नलवर उभं असताना एका लयीत चालत नाही. 'धड... धड-धड... धड' असं अडखळत, हिंदकळत चालतं, सगळी गाडी डोलते. लोक त्या आवाजावर भाळतात. त्यात घडतं ते असं: ओव्हरलॅपमुळे सिलिंडरमध्ये इतका जुना धूर उरतो की कधीकधी ताजा माल पेटतच नाही. तो फेरा वाया जातो. पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये धूर कमी आणि न जळलेला माल जास्त, म्हणून तो दणक्यात पेटतो. आपला गॅरेजवाला साध्या गाडीत याला 'मिसिंग' म्हणेल आणि प्लग काढून बघेल.

(व्ही-8 ची जी नेहमीची गुरगुर असते ती मात्र वेगळी. ती कॅमची नव्हे, क्रँकची देणगी. अशा इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतरानं होत नाहीत, कधी लागोपाठ दोन, कधी मध्ये खंड. अगदी साध्या कॅमवरही ती गुरगुर असतेच. तेवढ्यासाठी कॅम बदलायची गरज नाही.)

त्या डोलण्याची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. पॉवर ब्रेकला इंजिनाच्या आतल्या नळीतली पोकळी लागते, आणि मोठा कॅम मंद गतीला ती पोकळीच बिघडवतो. ब्रेक पेडल दगडासारखं होतं. उतारावर, गर्दीत, हे कौतुकाचं राहत नाही.

गिअरचं काम

आता गाडीचं मागचं टोक. 'टॉर्क' म्हणजे पिळण्याचा जोर. पाना जितका लांब तितका नट सोपा सुटतो, तोच हा जोर. अश्वशक्ती म्हणजे तो जोर दर मिनिटाला किती वेळा लावला जातो त्याचा हिशेब, जोर गुणिले फेऱ्या. गिअर अश्वशक्ती वाढवत नाही. फेऱ्या देऊन जोर घेतो, नाहीतर जोर देऊन फेऱ्या घेतो. स्प्रॉकेट मोठं केलेल्या बुलेटनं श्यामला हिल्सवर दुसरा गिअर का मागितला, ते आता आकड्यांत बघू.

चार गिअरच्या जुन्या बुलेटमध्ये आतल्या चेनची पट 2.24 (क्रँकवर 25 दाते, क्लचवर 56) आणि मागच्या चेनची 38 भागिले 16. एकूण पट सुमारे 5.32. चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा वर. म्हणजे टॉप गिअरमध्ये 80 च्या वेगाला इंजिन साधारण 3500 आरपीएमला असतं. पुढे 18 दात्यांचं स्प्रॉकेट घातलं की पट 4.73 होते आणि तोच वेग 3100 आरपीएमला मिळतो. इंदूर रस्त्यावर हे सुख. पण चाकाशी पोचणारा जोरही 16 भागिले 18 इतकाच उरतो, म्हणजे 11 टक्के कमी, आणि तो प्रत्येक गिअरमध्ये कमी. त्यात भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच. हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, तेवढा माल इंजिनात आधीच कमी भरतो. जुन्या 18 अश्वशक्तीच्या बुलेटला एवढी काटछाट चढावर जाणवतेच. आणि हे स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेलं असतं. ते बदलायला डावीकडचं चेनकेस आणि क्लच उतरवावा लागतो, म्हणजे चूक दुरुस्त करायलाही अर्धा दिवस.

मोटारीत स्प्रॉकेटच्या जागी मागच्या हौजिंगमधलं क्राउन-पिनियन असतं. पिनियनला 13 दाते आणि क्राउनला 40 असतील तर पट 3.08. 11 आणि 41 असतील तर 3.73. 10 आणि 41 असतील तर 4.10. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि पळ कमी.

याचं सगळ्यात झकास उदाहरण भोपाळ स्टेशनवर रोज उभं असतं. एक्स्प्रेस गाड्यांचं डब्ल्यूएपी-7 आणि मालगाड्यांचं डब्ल्यूएजी-9 ही विजेची इंजिनं एकमेकांची सख्खी भावंडं. मुख्य फरक गिअरचा. मालगाडीच्या इंजिनात 15 आणि 77 दात्यांची जोडी, एक्स्प्रेसच्या इंजिनात 20 आणि 72 ची. एकाची पट 5.13, दुसऱ्याची 3.6. पहिलं ताशी 100 च्या हिशेबानं बांधलेलं, दुसरं 140 च्या. बरखेडा-बुधनी घाटात जड मालगाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावली जात आली आहेत. तिथे 140 चा वेग काय कामाचा? मात्र विजेच्या मोटारीचा एक मोठेपणा असा की ती शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, म्हणून तिला एकच गिअर पुरतो. अशा मोटारी पिपलानीच्या भेलमध्ये कित्येक वर्षं बनताहेत. पेट्रोल इंजिनाचं नशीब तसं नाही. त्याला आपल्या पट्ट्यात यावं लागतं, तेव्हा कुठे ते ओढतं. पट्टा ठरवणार कॅम, आणि इंजिनाला पट्ट्यात ठेवणार गिअर.

कारखान्यानं जोडी कशी जमवली

1967 ची कमॅरो झेड-28 हा या विषयातला आदर्श नमुना. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन 5 लिटरच्या आत हवं, असा नियम होता. शेव्हरोलेनं 327 चा रुंद सिलिंडर आणि 283 चा आखूड फेरा एकत्र करून 302 घनइंचांचं इंजिन केलं. आखूड फेऱ्याचं इंजिन उंच फिरायला राजी असतं. त्यात झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनिअरच्या नावानं ओळखला जाणारा तो 30-30 कॅम घातला. दोन्ही व्हॉल्व्हना 0.030 इंचांचा टॅपेट गॅप, म्हणून हे नाव.

आता सोबतचं सामान बघा. दाब 11 पट. गिअरबॉक्स फक्त चार गिअरचा, हातानं टाकायचा. ऑटोमॅटिक मागितलं तरी मिळत नसे आणि एसीही नाही. क्राउन-पिनियन 3.73 चं, आणि हवं तर याहून मोठ्या आकड्याचं. कागदावर 290 अश्वशक्ती, 5800 आरपीएमला. पहिल्या वर्षी अशा गाड्या विकल्या गेल्या फक्त 602. पण 1968 आणि 1969 ची ट्रान्स-ॲम स्पर्धा कमॅरोनंच जिंकली. याच शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांमध्ये मऊ कॅम, 3.08 चं क्राउन-पिनियन आणि दोनच गिअरचं पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकही सुखानं नांदत होतं. दोन्ही जोड्या आपापल्या जागी बरोबर. बिघाड होतो तो पहिलीचा कॅम दुसरीच्या गाडीत टाकल्यावर.

न्यू मार्केटची परीक्षा

किती बिघाड होतो, ते पडताळायची एक सोपी रीत आहे, आणि मला ती अश्वशक्तीच्या आलेखांपेक्षा जास्त पटते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडलेला, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. सपाट रस्त्यावर ती किती वेगानं सरपटेल? हा तिचा सुखानं चालण्याचा सगळ्यात कमी वेग. त्याखाली जायचं तर क्लच घासावा लागतो.

टायर 26 इंच उंचीचं घेऊ, म्हणजे घेर 2.07 मीटर. पहिला गिअर 2.52 चा. साधा कॅम 650 आरपीएमला निवांत चालतो. 3.08 च्या क्राउन-पिनियनसोबत गाडी ताशी 10 किलोमीटरनं सरपटते. आता कॅम मोठा टाकला. तो 900 च्या खाली टिकत नाही. क्राउन-पिनियन जुनंच ठेवलं तर सरपटण्याचा वेग 14 च्या वर जातो. न्यू मार्केटच्या संध्याकाळच्या गर्दीत 14 चा वेग म्हणजे चैन! पाय सतत क्लचवर, क्लच तापणार, वास येणार. 3.73 चं क्राउन-पिनियन घातलं तर तोच वेग 12 च्या खाली येतो. 4.10 चं घातलं तर 11 च्याही खाली. म्हणजे गिअरनं कॅमचा खालचा दोष झाकला.

पण याची किंमत महामार्गावर चुकवायची. टॉप गिअरची पट 1 असताना 90 च्या वेगाला 3.08 वर इंजिन सुमारे 2230 आरपीएम करतं, 3.73 वर 2700, 4.10 वर 2960. तीन हजारांच्या घरात तासन् तास घोंगावणारं 5.7 लिटरचं इंजिन पेट्रोल पंपवाल्याला फार प्रिय असतं. यातून सुटायचा सभ्य मार्ग म्हणजे ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स. त्याच घराण्यातल्या नंतरच्या 700-आर-4 ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 3.06 चा आणि चौथा 0.70 चा. 3.73 च्या जोडीला तो लावला की निघताना एकूण पट 11 च्या वर मिळते आणि 90 ला इंजिन 1900 च्या आतबाहेर राहतं. पैसे खर्च करायचेच असतील तर मी ते आधी इथे घालवीन, कॅम नंतर.

ऑटोमॅटिकबद्दल एक गोष्ट विसरू नये. तिथे क्लचऐवजी तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन ठरावीक आरपीएमला पोचेपर्यंत तो बऱ्यापैकी घसरू देतो. मोठा कॅम टाकला की हा घसरण्याचा बिंदूही वर न्यावा लागतो, नाहीतर गिअर पडल्याबरोबर इंजिन बंद पडतं.

म्हणून क्रम असा लावावा. गाडी कुठे धावणार ते आधी, मग टायरची उंची, मग गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन. त्यातून इंजिन रोज कुठल्या आरपीएमला राहणार ते कळतं. त्या पट्ट्याला बसेल तो कॅम घ्यावा, आणि दोन कॅममध्ये मन अडकलं तर धाकटा घ्यावा. भोपाळसारख्या गावात, जिथे दिवसा चढ, चौक आणि तळ्याकाठची रांग आणि सुट्टीच्या दिवशी सांची नाहीतर भीमबेटकाची फेरी, तिथे साध्या 3.08 सोबत 200 ते 210 अंशांच्या पुढे जाऊ नये. 3.73 असेल तर 215 ते 224 चा विचार करता येतो. 254 हा कॅम पोस्टरवर लावायला छान.

हौजिंगमध्ये सध्या काय आहे ते माहीत नसेल तर ते उघडायचीही गरज नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बाकीच्या चाकांना उटी लावायची, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं. तेवढ्यात शाफ्ट तीनहून जरा जास्त फिरला तर 3.08, पावणेचारच्या जवळपास फिरला तर 3.73. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जखडलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउनची एक फेरी होते, म्हणून दोन. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल असेल तर असं एक चाक फिरणारच नाही.

कागदपत्रांचंही भान हवं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. काढलेला मूळ कॅम आणि मूळ क्राउन-पिनियन भंगारात देऊ नये. क्राउन आणि पिनियन तर एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, ती जोडीनंच जपून ठेवावी.

पहिली वीस मिनिटं

निवड अचूक केली तरी कॅमचा जीव पहिल्या दिवशीच जाऊ शकतो. जुन्या स्मॉल-ब्लॉकमध्ये टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण तो किंचित फुगीर असतो आणि कॅमचा उंचवटा किंचित उतरता. त्यामुळे टॅपेट दर धक्क्याला स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. नवा कॅम आणि जुने टॅपेट अशी काटकसर केली की हे फिरणं बिघडतं. शेव्हरोलेनं 1987 पासून स्मॉल-ब्लॉकमध्ये चाकवाले टॅपेट दिले तेव्हा ही कटकट संपली.

सपाट टॅपेटचं इंजिन सुरू झाल्याबरोबर 2000 ते 2500 आरपीएमवर वीस-तीस मिनिटं चालवायचं असतं, मंद सोडायचं नसतं, कारण कॅमवर तेल उडतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकच्या फटकाऱ्यानं. तेलात जस्त-फॉस्फरसचं संयुग पुरेसं हवं. नव्या गाड्यांच्या तेलांत ते कमी केलेलं असतं, म्हणून जुन्या इंजिनांसाठीचं किंवा खास या कामाचं तेल घ्यावं. रेडिएटर भरलेला, टायमिंग आधीच लावलेलं आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आलेलं असावं, म्हणजे स्टार्टर उगाच घरघरत बसत नाही. वरचं झाकण काढलेलं असेल तर प्रत्येक पुशरॉडवर मार्करची एक उभी रेघ मारून ठेवावी. इंजिन चालू असताना सोळाही रेघा हळूहळू फिरताना दिसल्या पाहिजेत. एखादी जागच्या जागी नुसती वर-खाली होत असेल तर त्याच क्षणी इंजिन बंद करून तो टॅपेट बाहेर काढावा. तो उंचवटा अजून वाचलेला असण्याची शक्यता असते.